लुकलुकणारी राजकन्या

नटीच्या खालच्या ओठावरून लाल रंगाचा एक थेंब निसटला. खाली येताना त्याने एका कबुतराला चुकवलं, विजेच्या तारेवर घटकाभर बसून विचार केला, आणि मग चिझुरूच्या हातातल्या चौकटीच्या कागदावर, बरोब्बर एका चौकटीत येऊन पडला. चारी बाजूंच्या रेषा कोरड्या ठणठणीत! खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी माझ्या कॉफीच्या दुकानाच्या दारात उभी राहून पाहिलंय. आणि ओसाकाच्या बाईने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगताना जरा फुगली, तरी ती आतून खरीच असते.

दिवस जूनचे होते. रिपरिप नुकती थांबली होती आणि रस्ताभर ओल्या डांबराचा वास भरला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चित्रपटगृह होतं. त्याच्या कपाळावरचे फलक तेव्हा माणसं हाताने रंगवायची. त्या महिन्यातली नटी एवढी मोठी होती की दुपारी तिच्या ओठाच्या सावलीत बसून दोन रंगारी डबा खायचे, आणि तिसऱ्याला पाय पसरून झोपायला जागा उरायची.

"अहो, ओठवाले!" चिझुरू मान वर करून ओरडली. "खाली या!"

ओठवाला शिडीवरून खाली आला. उंच, हडकुळा, कानामागे कुंचला, नखांत सात रंग. सेइगो कामेदा त्याचं नाव.

"माफ करा हं... कपड्यांवर पडला का?"

"कपडे गेले खड्ड्यात. माझ्या शिपायावर पडलाय."

तो कागदावर वाकला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "कुठाय शिपाई?"

"हा काय! भाला दिसत नाही?"

"अच्छा... तो भाला होय." तो डोकं खाजवत म्हणाला. "मला वाटलं देठ आहे. वांग्याचा."

मी दारातल्या दारात डोळे मिटून घेतले. चिझुरू निशिवाकीच्या शिपायाला आजवर कुणी वांगं म्हटलं नव्हतं. ही मुलगी माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काम करायची. टीव्हीला जोडून खेळायचे खेळ तिथे बनत, आणि त्या खेळांत धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, मरून पडणाऱ्या सगळ्या बाहुल्या ही काढायची. चौकटीच्या कागदावर, रंगीत पेन्सिलने, एकेक चौकट भरत. कागदावरची एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. अंगठ्याएवढ्या जागेत अख्खा माणूस उभा करायचा, आणि तोही रागावलेला! खाऊ नाही ते.

"वांगं," ती शांतपणे म्हणाली. शांतपणे म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"पण नाक लाल शोभतंय त्याला," तो म्हणाला.

"एक घर डावीकडे पडला असता तर शोभला असता."

"मग... दुसरा टाकू? डावीकडे?"

तिने भुवई उचलली. मग कागद त्याच्यापुढे धरला. "टाका. हिंमत असेल तर."

त्याने कानामागचा कुंचला काढला. कुंचला कसला, तळहाताएवढा झाडू तो! जीभ दातांत धरून, श्वास रोखून त्याने अगदी अलगद टेकवला... आणि शिपाई, भाला, शेजारचा किल्ला, सगळे एका दमात रक्तात बुडून मेले.

"तुम्हाला लहान काही करताच येत नाही का हो?"

"आजवर कधी वेळ आली नाही," तो म्हणाला. आणि हसला.

चिझुरू हसली नाही. पण वर जाताना जिन्यात तिची पावलं जरा थांबली. मला कान आहेत, मी ऐकलं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी चित्रपटगृहाने छापील फलक आणले आणि रंगाऱ्यांना घरी पाठवलं. सेइगो चार-दोन दिवस माझ्याकडे थंड कॉफी पीत बसला. पेल्यातला बर्फ विरघळला तरी पेला पुढ्यात धरून. मग एक दिवस सदरा इस्त्री करून, नखं घासून, वरच्या मजल्याचा जिना चढला. वर चित्रकार हवा होता.

शाचोंनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, त्याला उभ्या उभ्या ठेवून घेतलं. चित्रं बघायचीही तसदी घेतली नाही. का, ते मला त्याच दुपारी कळलं. शाचो माझ्याकडे मिक्स ज्यूस प्यायला येत. पोटात केळं आणि दूध गेलं की हा माणूस काहीही बोलायचा.

"निशिवाकी-सान पंचवीसची झाली," ते म्हणाले. "आज ना उद्या लग्न करणार. आमच्याकडे मुलींचं लग्न ठरलं की आम्ही फुलं देतो, टाळ्या वाजवतो, त्या घरी जातात. तिच्या आधीच्या सगळ्या तशाच गेल्या. आता या पोराला तिच्याच हाताखाली तयार करून घेतो. ती गेली की तिच्या खुर्चीवर हा."

"आणि ती गेली नाही तर?"

"मावशी, पंचवीस तारीख उलटल्यावर नाताळचा केक कोण घेतं सांगा बरं?"

हा विनोद त्या काळी गावभर होता. शाचोंनी तो चिझुरूलाही ऐकवला होता, तोंडावर. तिने काय उत्तर दिलं ते माझ्याकडे सगळी गल्ली पुन्हा पुन्हा ऐकायला यायची. ती म्हणाली होती, "मी केक नाहीये शाचो. मी लोणचं आहे. मुरतेय."

पण त्या संध्याकाळी ती माझ्या काउंटरवर बसली तेव्हा तिचा आवाज तेवढा टणक नव्हता. केसांत खोचलेल्या पेन्सिली एकेक काढून ती समोर रचत होती.

"मीच त्याला शिकवायचं, मावशी. म्हणजे मीच माझी खुर्ची पुसून, झटकून, त्याच्या बुडाखाली सरकवायची."

"मग शिकवू नकोस नीट," मी म्हटलं. "चार गोष्टी उलट्या सांग. पोरगा भोळा आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा पदरही सावरावासा वाटला, अंगात किमोनो असूनसुद्धा.

"मी वाईट शिकवलं तर बाहुल्या लंगड्या चालतील. त्यांनी माझं काय घोडं मारलंय? मी त्याला चांगलंच शिकवणार. माझ्याइतकं चांगलं. आणि खुर्चीही सोडणार नाही. बघूच कोण उठवतं ते."

आणि शिकवणी सुरू झाली. माझ्याच दुकानात, कारण टीव्ही माझा. वरच्या मजल्यावरचे पडदे होते लख्ख, एकेक ठिपका चिमटीत धरावा असे. पण मुलं घरी खेळणार ती जुन्या टीव्हीवर, जिथे रंग शेजारच्या घरात ओघळतात आणि कडा भिजल्यासारख्या होतात. असा टीव्ही माझ्यापेक्षा वाईट कुणाकडे असेल? तो लावला की शेजारच्या दुकानातल्या रेडिओला खोकला व्हायचा. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ही दोघं खेळाचं यंत्र घेऊन खाली यायची आणि त्याला जोडायची. बेसबॉल बघायला बसलेले म्हातारे कुरकुरत उठायचे. मी त्यांच्या हातावर खडीसाखरेची गोळी ठेवायची.

सेइगोला पहिली बाहुली दिली ती राजकन्येची. खेळ साधा होता. राजपुत्र सात किल्ले ओलांडून जातो, शेवटच्या किल्ल्यात राजकन्या. सेइगोने जीव ओतून काढली. पापण्या, गालांवर लाली, झग्याच्या चुण्या, चुण्यांत सावल्या. टीव्ही लावला.

तिघंही बघत राहिलो.

"बोला," चिझुरू म्हणाली. "काय दिसतं?"

"...पावसात विसरलेला मोजा," सेइगो म्हणाला.

"मी वांगं म्हणणार होते."

त्याने मान खाली घातली, पण खांदे हलत होते. हसत होता मेला.

"रंग किती वापरलेस?"

"सहा. कमीत कमी."

"तीन मिळतील. चौथी रिकामी जागा."

"तीन? माझ्या नटीच्या एका गालाला अकरा लागायचे!"

"म्हणून तर तिला खाली उतरवलं." तिने खोडरबर त्याच्यापुढे सरकवला. "पापण्या खोड. लाली खोड. ते कडेकडेने सावल्यांचं कुंपण घातलंयस ना, ते तर आधी खोड. उजेड एका बाजूने येतो. तू तिला चारी बाजूंनी काजळी लावलीयस, गादीसारखी फुगलीय बिचारी."

"मग उरलं काय?"

"माणूस. उरला तर." तिने काळी पेन्सिल घेतली आणि त्याची अख्खी राजकन्या एका रंगात भरून टाकली. "आता सांग. ही कोण आहे?"

तो बघत राहिला. "कळत नाही."

"सावलीवरून कळली नाही, तर डोळे काढून काय उपयोग? आधी सावली ओळखू आली पाहिजे. मुकुट कुठे, वेणी कुठे, ती कुणाकडे वळलीय... आणि हा गाल बघ. तीन ठिपके, मग एक, मग दोन. हा गाल आहे की मोडका जिना? तीन, दोन, एक असा उतर. चढतानाही तसाच चढ. रेषेला दम लागता कामा नये."

"तुम्ही सगळ्यांना असंच रागावता?"

"नाही. ज्यांना जमणार असतं त्यांनाच."

तो खोडरबराला हात लावायला गेला, ती उचलायला गेली. दोन हात, एक खोडरबर. दोघांनीही एकदम सोडला. खोडरबर घरंगळत माझ्या पायाशी आला, आणि मी तो मुद्दाम उशिरा उचलला.

तो दिवसेंदिवस खोडत होता. माझ्या दुकानात खोडरबराचा भुगा इतका साठला की एका म्हाताऱ्याने तो साखर समजून कॉफीत घातला आणि वर म्हणाला, आज बरी झालीय. पण सेइगोचं काही जमेना. नाक कागदाला लावून बसायचा आणि राजकन्या जास्तच मोजा व्हायची.

मग एक दिवस त्याने कागद माझ्या दाराच्या काचेवर चिकटवला आणि तडक रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभा राहिला. बाहेर भुरभुर पाऊस. हा तिथे हाताची घडी घालून, डोळे बारीक करून बघतोय. मग पळत आला, दोन चौकटी खोडल्या, पुन्हा पलीकडे.

"हे काय चाललंय?" चिझुरूने विचारलं.

"फलक रंगवताना असंच करायचो," तो धापा टाकत म्हणाला. "जवळून नाकपुडीच दिसते हो नुसती. माणूस रस्त्यापलीकडून दिसतो."

चिझुरूने दारामागची छत्री घेतली आणि त्याच्यामागे गेली. मी काचेतून बघत होते. एका छत्रीत दोघं, समोर पोस्टाच्या तिकिटाएवढी राजकन्या. ती बोट दाखवून काहीतरी सांगतेय, तो वाकून ऐकतोय. छत्रीचा कल हळूहळू त्याच्याकडे झाला आणि तिचा खांदा भिजत राहिला. तिला कळलंही नाही. येणारेजाणारे थांबून माझं दार न्याहाळायला लागले. तासाभरात पंचवीस-तीस माणसं जमली असतील. बरं, सात. पण कुणी म्हणालं, "मुकुट आहे वाटतं?" आणि सेइगोने चिझुरूकडे पाहिलं.

"ओळखली," तो पुटपुटला. "लोकांनी ओळखलं तिला..."

"मी काय सांगत होते?" ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसली.

आता राजकन्या उभी राहायला शिकली. चालायला शिकवायचं होतं.

"ती कशाला चालेल?" शाचो म्हणाले होते. "राजकन्या वाट बघते."

"माझी चालते," चिझुरू म्हणाली, आणि विषय तिथे संपवला.

चालणं म्हणजे दोनच चित्रं. पाय जवळ, पाय लांब. आलटून पालटून दाखवली की बाहुली चालते. सेइगोची चालत नव्हती. बर्फावरून घसरत होती.

"माणूस पाय फाकतो तेव्हा जरासा बुडतो," चिझुरूने सांगितलं. "डोकं एक ठिपका खाली आण. फक्त एक."

"कळलं नाही."

"बघ मग." ती उठली आणि दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. "बघतोयस?"

"बघतोय."

"डोक्याकडे बघ. खाली-वर होतंय ना?"

"होतंय."

"पाठीमागे वेणी उशिरा येते. तीही टिपून घे."

"...घेतली."

"कागद तर कोरा आहे!"

"पुन्हा एकदा चाललात तर..." तो म्हणाला. कान लाल. नटीच्या ओठापेक्षा लाल.

"नाटकं पुरेत," ती म्हणाली. पण पुन्हा चालली. आणि या खेपेस, शपथेवर सांगते, जरा हळू.

त्या शरद ऋतूत बेसबॉलमध्ये आमचे टायगर्स जिंकले, सगळं शहर नदीत उड्या मारत सुटलं, आणि त्याच आठवड्यात सेइगोची राजकन्या माझ्या टीव्हीवर चालली. टुकटुक, टुकटुक. डोकं एक ठिपका खाली, एक वर. वेणी मागून येतेय. बेसबॉलवाल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा खुर्च्या पुढे ओढल्या. मी त्या दिवशी सगळ्यांना अंड्याचं सँडविच फुकट दिलं, ही गोष्ट मात्र जराही फुगवलेली नाही.

घात झाला तो शेवटच्या पडद्यावर. राजपुत्र येतो, शिपायांना पाडतो, राजकन्येपाशी पोहोचतो... आणि राजकन्या गायब!

"हे काय?" मी ओरडले. "गेली कुठे?"

चिझुरूने कपाळाला हात लावला. ते यंत्रच तसं होतं. पडद्यावरच्या एका आडव्या ओळीत ते मोजक्याच बाहुल्या दाखवायचं. त्याहून जास्त जमल्या की जिचा क्रमांक शेवटचा, तिला पुसायचं. राजपुत्र पहिला, मग शिपाई. राजकन्या शेवटी.

शाचो ज्यूस घेत बसले होते. "काही बिघडत नाही," ते म्हणाले. "राजपुत्र जिंकला ना? मग ती दिसली काय, न दिसली काय." पेला संपवून वर निघून गेले.

टीव्ही नुसता गुणगुणत होता. पडद्यावर राजपुत्र एकटाच रिकाम्या जागेपुढे गुडघा टेकून बसला होता.

"तिला आधीचा क्रमांक दिला तर?" सेइगोने विचारलं.

"तर तो जातो."

"आणि... दोघांनी वाटून घेतलं तर?" तो पडद्याजवळ सरकला. "यंत्र चित्र पुन्हा पुन्हा काढतं ना? डोळा लवायच्या आत कितीतरी वेळा? मग एकदा तिला वगळा, पुढच्या वेळी त्याला. एकदा ती, एकदा तो. डोळ्याला दोघंही दिसतील. जरा लुकलुकतील... पण जाणार कुणीच नाही."

चिझुरू त्याच्याकडे बघतच राहिली. मग वर गेली, आकडेमोड करणाऱ्या कारागिरांच्या मानगुटीवर बसली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र पुन्हा माझ्या टीव्हीला जोडलं.

राजपुत्र आला. राजकन्या उभी. दोघंही लुकलुकत होती, काजव्यांसारखी, पण होती. जोडीने होती.

"जमलं," ती हळूच म्हणाली. "आता तुला माझ्याकडून शिकण्यासारखं काही उरलं नाही."

सेइगो हसला नाही. त्याच्या मांडीवर एक पांढरा लिफाफा होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"राजीनामा. माझा. शाचोंनी मला कशासाठी घेतलं ते मला कळलंय."

"कुणी सांगितलं?"

मी पेले पुसायला लागले. फार घाण होते ते.

"कुणी का सांगेना," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तरी तुम्ही मला शिकवलंत, काही राखून न ठेवता. आता मी इथे बसलो तर तुमची खुर्ची जाणार. म्हणून मीच जातो. दुसरीकडे काहीतरी बघेन. तुम्ही राहा."

"वा!" चिझुरू उठून उभी राहिली. "वा रे राजपुत्र! मी पाऊस, मोजे, वांगी सगळं सोसून तुला घडवलं, ते गायब व्हायला?"

"मग काय करू?" त्याचाही आवाज चढला. "एका ओळीत दोघं मावत नाहीत म्हणे तुमच्या शाचोंच्या यंत्रात! काय करू मी, सांगा ना!"

"लुकलुक!"

"...काय?"

"लुकलुक म्हणते मी. माझ्याबरोबर." तिची हनुवटी वर होती. "जायचं कुणीच नाही. तूही नाही, मीही नाही. अर्धा अर्धा त्रास वाटून घेऊ, पण दोघंही दिसू. कळतंय का, की कागदावर चौकटी आखून दाखवू?"

सेइगोने टीव्हीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही... ठिपक्यांबद्दल विचारताय, की लग्नाबद्दल?"

"दोन्ही. आधी ठिपक्यांचं उत्तर दे."

"ठिपक्यांचं... हो."

"आणि दुसऱ्याचं?"

तो उठला. लिफाफा उचलला, मधोमध फाडला. अर्धा स्वतःच्या खिशात घातला, अर्धा तिच्या हातात दिला. "चिझुरू," तो म्हणाला. आजवर 'निशिवाकी-सान' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं त्याने. "तू विचारायच्या आधीपासूनच हो. तो थेंब होता ना... तेव्हापासून."

मी काउंटरखाली वाकून नाक शिंकरलं. पावडर गेली होती हो कॉफीची.

शाचोंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. शाचो खूश! बसल्या जागी सगळे प्रश्न सुटले. मुलगी लग्न करून जाणार, पोरगा खुर्चीत बसणार, आणि नवरी कंपनीतलीच. पुढचं काही त्यांनी विचारलं नाही, आणि या दोघांनी सांगितलंही नाही.

सोमवारी सकाळच्या सभेला शाचोंनी सगळ्यांसाठी माझ्याकडून कॉफी मागवली. एरवी मी वर माझ्या हाताखालच्या पोरीला पाठवते, माझे गुडघे पायऱ्यांशी बोलत नाहीत. पण त्या दिवशी मी स्वतः थाळी घेऊन चढले.

सगळे ओळीने उभे. शाचोंच्या हातात पांढऱ्या-गुलाबी फुलांचा केवढा तरी गुच्छ. घसा साफ केला.

"निशिवाकी-सान यांनी इतकी वर्षं आपल्यासाठी सुंदर बाहुल्या काढल्या. आता त्या स्वतःचं सुंदर घर सजवायला निघाल्या आहेत. आपण सगळे..."

टाळ्या. काही मुलींचे डोळे आधीच भरलेले. अशा वेळी मुली रडतात, वाकतात, गुच्छ छातीशी धरून जिन्याने उतरतात. मी कितीजणींना उतरताना पाहिलंय, त्यातली एकही पुन्हा पेन्सिल घेऊन चढली नाही.

चिझुरूने गुच्छ घेतला. कमरेतून वाकली, व्यवस्थित, जसं वाकायचं तसं. फुलांचा वास घेतला.

"फार छान आहेत, शाचो. मनापासून आभार."

आणि जिन्याकडे न वळता ती आपल्या टेबलाकडे गेली. पेन्सिलींचा डबा उपडा केला. माझ्या थाळीतला पाण्याचा पेला उचलला, पाणी डब्यात ओतलं, फुलं त्यात खोचली, एक वाकडी होती ती सरळ केली. मग खुर्ची ओढली. बसली. बाह्या मळू नयेत म्हणून त्यांवर कापडी नळ्या चढवल्या आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

कर्र... कर्र... कर्र. तेवढाच आवाज.

"निशिवाकी-सान," शाचो म्हणाले. "हे... काय करताय?"

"काम."

"पण फुलं..."

"लग्नाची ना? मिळाली."

"नाही, म्हणजे... फुलं मिळाली की जातात."

"जातील ना शाचो. चार दिवसांत सुकतील."

कुणीतरी हसू दाबलं, ते नाकातून बाहेर आलं. शाचोंनी गर्रकन मान वळवली. "कामेदा! तूच समजाव हिला. अरे, ती खुर्ची तुझी आहे!"

सेइगो खिडकीजवळ उभा होता. त्याने आपलं मोडकं स्टूल ओढलं, तिच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसला. स्टूल डुगडुगलं.

"मला माझी जागा आहे, शाचो."

"नवरा-बायको एका ठिकाणी? आपल्याकडे असं कधी झालेलं नाही!"

"आजपासून झालं," सेइगो म्हणाला. "नसेल चालत तर दोघांनाही काढा. वसंताच्या सुट्टीत खेळ दुकानात जायचाय. उरलेले दोन किल्ले कोण काढणार ते तेवढं आत्ताच ठरवा."

शाचोंचे हात मघाच्या टाळ्यांसाठी उचललेले ते तसेच छातीपुढे राहिले होते. वाजवावे की खाली घ्यावे, त्यांनाच कळेना. ओळीतल्या एका मुलीने डोळे पुसले, हळूच आपल्या टेबलाकडे गेली आणि बसली. मग दुसरी. मग खुर्च्याच खुर्च्या सरकल्याचा आवाज. माझी कॉफी थाळीत निवत होती आणि मला तिची पर्वा नव्हती.

शाचो चिझुरूच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

चिझुरूने एक चौकट भरली. दुसरी भरली. मग मान वर न करता म्हणाली,

"शाचो, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

आणि शाचो सरकले.